न्यायाची शिलाई : वस्त्ररचनेच्या व्यवसायात पहिले पाऊल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तरुणमंडळाच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले भाषण)



तरुणांनी कोणता व्यवसाय पत्करावा, या विषयावर चार शब्द बोलावेत असे महोत्सव समितीने आम्हांस सुचविले. विषय फार मोठा आहे. वैद्यकी, वकिली, शेती, बँकेतील नोकरी, परदेशगमन या साऱ्यांचा परामर्श एका संध्याकाळी घेणे आमच्या शक्तीबाहेरचे आहे. तेव्हा ज्याविषयी या धर्मग्रामात आजवर कोणीही व्याख्यान दिले नसेल, अशा एकाच व्यवसायाविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. तो व्यवसाय वस्त्ररचनेचा. ज्यास तुम्ही फॅशन डिझाइन म्हणता तो. आणि त्यातही जो तो न्यायाने करू इच्छितो, म्हणजे कापूस पिकविणाऱ्यापासून काज-बटण करणाऱ्या बाईपर्यंत कोणाचेही रक्त न शोषता करू इच्छितो, त्याने आरंभ कसा करावा, हा आजचा प्रश्न.

एका धर्मगुरूस कपड्यांच्या तऱ्हांशी काय कर्तव्य, असे कित्येकांच्या मनात येईल. आमच्याही मनात आले होते. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या शिकलो. कापडाचा पन्हा आणि ताका यांतील भेद आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळला. तो कसा कळला, हे सांगणे भाग आहे, कारण त्यात आमचाच एक दोष उघडा पडतो.

चार वर्षांपूर्वी जून महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक कन्या वडिलांसह आमच्या भेटीस आली. बारावीत उत्तम गुण मिळाले होते. वडिलांची इच्छा तिने परिचारिका व्हावे किंवा बँकेच्या परीक्षा द्याव्यात. मुलीचे म्हणणे, वस्त्ररचनेचे शिक्षण घ्यायचे. वडील म्हणाले, "फादर, तुम्हीच सांगा हिला. शिंपीकाम करायला एवढे शिकवायचे काय?" आम्ही वडिलांचीच बाजू घेतली. हा धंदा श्रीमंतांच्या लहरीवर चालतो, त्यात स्थैर्य नाही, मुलीच्या जातीने सुरक्षित वाट धरावी, असे बरेच काही बोललो. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, "फादर, तुमचा हा नवा झगा कोणी शिवला?"

तो तिच्या मावशीने शिवला होता. ती विधवा बाई घरी यंत्रावर शिवण करून दोन मुले वाढविते, हे आम्हांस विदित होते. तिने शिलाईचे बाराशे रुपये सांगितले होते. आम्ही देवळाचे काम म्हणून सातशेवर आणले, आणि आपण धर्मग्रामाचे पैसे वाचविले या समाधानात होतो. मुलीने हिशेब मांडला. त्या झग्यास मावशीला दोन दिवस आणि अर्धी रात्र मिळून वीस तास लागले, कारण पुढील बटणांची लांबलचक रांग आणि त्यांची काजे तिने हाताने केली. दोरा, बटणे, अस्तर यांचे एकशे चाळीस रुपये तिच्याच पदरचे. उरले पाचशे साठ. म्हणजे तासास अठ्ठावीस रुपये, आठ तासांच्या दिवसास दोनशे चोवीस. त्याच आठवड्यात स्मशानभूमीतील गवत कापणाऱ्या गड्यास आम्ही दिवसाचे सहाशे रुपये काही कुरकुर न करता दिले होते.

मजुराची अडकवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे संत याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. त्या वचनावर आम्ही प्रवचने केली आहेत. आणि ती मजुरी आमच्याच अंगावर होती, पांढरी शुभ्र, इस्त्री केलेली! उरलेले पाचशे रुपये आम्ही त्याच संध्याकाळी पोहोचते केले. बाईने ते घेतले, पण एक शब्दही बोलली नाही; तिच्या त्या मौनाची आठवण आम्हांस अद्यापि बोचते. मुलीच्या वडिलांस मात्र आम्ही सांगितले की, हिला शिकू द्या.

आता हा प्रश्न एका झग्यापुरता नाही. तो केवढा आहे, हे जगास 24 एप्रिल 2013 रोजी कळले. बांगलादेशाची राजधानी ढाका, तिच्याजवळ सावर म्हणून गाव आहे. तेथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खाली दुकाने आणि एक बँक, वर तयार कपड्यांचे कारखाने. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे गेलेले दिसले. दुकाने व बँक बंद ठेवण्यात आली. परंतु वरच्या मजल्यांवरील शिवणकाम करणाऱ्या कामगारांस दुसऱ्या दिवशी कामावर येण्याची सक्ती झाली. न आल्यास पगार कापण्याची भीती घालण्यात आली. सकाळी इमारत कोसळली. 1,134 माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. मृतांत तरुण स्त्रिया पुष्कळ होत्या. ढिगाऱ्यांतून जे कपडे निघाले, त्यांवर युरोप व अमेरिकेतील नामांकित दुकानांच्या चिठ्ठ्या शिवलेल्या होत्या.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बँकेतील कारकुनास जो धोका दिसला तोच शिवणाऱ्या मुलीसही दिसत होता. कारकून घरी राहू शकला. ती राहू शकली नाही. गरिबीचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. आणि कारखानदाराने तिला का बोलाविले? ठरलेल्या तारखेस माल गेला नाही तर ग्राहककंपनी किंमत कापेल, म्हणून. ती तारीख आणि ती किंमत कोठे ठरली? दूर एका शीतल दालनात, जेथे वस्त्ररचनाकार कागदावर रेघा मारतात आणि खरेदीदार मेजावर आकडे मांडतात. त्या दालनात उद्या तुमच्यापैकी कोणी बसेल, म्हणून हे सांगतो.

त्यानंतर आठच दिवसांनी, 1 मे रोजी, श्रमिक संत योसेफ यांच्या सणाच्या दिवशी, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मिस्साच्या प्रवचनात या घटनेचा उल्लेख केला. मेलेल्या कामगारांस महिन्यास 38 युरो मिळत होते हे वाचून आपणांस धक्का बसला, असे सांगून त्यांनी त्या कामास गुलामगिरीचे नाव दिले. त्याच वर्षी मे महिन्यात अनेक कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात आग व इमारतींची सुरक्षितता यासंबंधी बंधनकारक करार झाला, आणि इंग्लंडात कॅरी सोमर्स व ओर्सोला द कास्त्रो या दोघींनी 'फॅशन रिव्होल्यूशन' ही चळवळ उभी केली. या चळवळीचा प्रश्न साधा आहे : माझे कपडे कोणी शिवले? आमच्यापुढे बसून त्या मुलीने नेमके हेच विचारले होते. तिने त्या चळवळीचे नाव ऐकले होते की नाही, आम्ही विचारले नाही.

हे संकट नवे आहे असेही कोणी समजू नये. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्क शहरात ट्रायअँगल नावाच्या कारखान्यास आग लागली. दाराला कुलूप असल्यामुळे शिवणाऱ्या मुली अडकल्या, आणि 146 माणसे मेली. त्याच्याही आधी, 1891 साली, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात असे प्रतिपादिले की, मजूर राजी झाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. ती काटकसरी माणसाच्या उदरनिर्वाहास पुरेल इतकी असली पाहिजे. भुकेने दिलेली संमती ही संमती नव्हे. 2025 साली निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण दिली.

आपल्या मुंबईचा इतिहास तर कापडावरच उभा आहे. 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसांस आठवड्याची सुट्टी नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे या महात्मा फुल्यांच्या सहकाऱ्याने मिळवून दिली. 10 जून 1890 पासून रविवार हा गिरणी कामगारांचा सुट्टीचा दिवस झाला. रविवारच्या मिस्सास आज आपण विनासायास येतो, तेव्हा लोखंडे यांचे नाव आपल्या ओठी असावे. ते आपल्या धर्माचे नव्हते; उपकारास धर्म आडवा येत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले. परंतु लोकांनी कपडे घालणे सोडले नाही! काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, धारावीच्या माळ्यांवर गेले, आणि घरोघरच्या स्त्रियांकडे गेले, जेथे हजेरीपत्रक नाही आणि भोंगाही नाही. दर नगाला अमुक पैसे, एवढाच कायदा. अशा घरबसल्या शिवणाऱ्या आणि डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रियांस एकत्र आणून इलाबेन भट्ट यांनी 1972 साली अहमदाबादेत 'सेवा' ही संघटना काढली. आरंभी सरकारी कचेरीत त्यांस विचारण्यात आले की, तुमचा मालक कोण? मालक नसेल तर संघटना कोणाविरुद्ध? त्यांनी उत्तर दिले की, संघटना कोणाच्या विरुद्ध नसून कामकरणींच्या ऐक्यासाठी आहे. ज्यास या व्यवसायात यायचे आहे त्याने इलाबेनचे चरित्र अवश्य वाचावे.

इतके सांगितल्यावर तरुण विचारतील, फादर, दुःखे ऐकली. आता आरंभ कोठून करावा?

आमचे पहिले सांगणे, हाताने शिवावयास शिका. आपल्या देशात शिक्षणाच्या सोयी आहेत. अहमदाबादेची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 साली निघाली, फॅशन तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था 1986 साली दिल्लीस निघून तिची मुंबई शाखा 1995 साली आली, आणि ती खारघरला आहे. प्रवेशपरीक्षा कठीण, शुल्कही थोडे नाही. मुंबईतील पॉलिटेक्निकांतही हे शिक्षण मिळते. परंतु चित्र काढता येणे निराळे आणि वस्त्र शिवता येणे निराळे. ज्याने स्वतः एक बाही जोडून, उसवून, पुन्हा जोडली आहे, त्यालाच त्या बाहीस किती मिनिटे लागतात हे कळते. आणि ज्यास मिनिटे कळतात तोच मजुरी ठरविताना अन्याय करावयास लाजतो. आम्ही जर एक काज तरी स्वतः केले असते, तर सातशे रुपये बोलण्यास आमची जीभ धजली नसती. संत पौल तंबू शिवीत असे. करिंथ येथे तो अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी याच धंद्यामुळे राहिला. आणि यापो गावची तबिथा मरण पावली, तेव्हा गावच्या विधवांनी पेत्राला तिच्या पुण्याईचा पुरावा म्हणून काय दाखविले? तिने शिवलेले अंगरखे.

दुसरे, कापड ओळखा. अंगरखा कापताना सुमारे पंधरा टक्के कापड कतरणीत जाते असा या धंद्यात अंदाज आहे. आपल्या आजीबाईंचे लुगडे कापावे लागत नसे. विणले तसे नेसले, फाटले तर त्याची गोधडी झाली, गोधडी विरली तर पायपुसणे झाले. वस्त्ररचनेच्या वर्गांत हल्ली जी 'शून्य कतरण' शिकवितात, ती आमच्या मते लुगड्याने फार पूर्वीच साधली आहे. एका सुती टी-शर्टास कापसाच्या शेतापासून मोजले तर सुमारे 2,700 लिटर पाणी लागते असा हिशेब सांगतात. आणि रंगाचे तर विचारूच नका. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे बनियन-टी-शर्टांचे मोठे ठाणे. तेथील रंगारी कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी नासली की, खालच्या शेतकऱ्यांस तिच्यावरील धरणाचे पाणीही शेतीस निरुपयोगी झाले, आणि 2011 साली मद्रास उच्च न्यायालयास ते कारखाने बंद करण्याचा हुकूम द्यावा लागला. तेव्हा रंग निवडताना तो डोळ्यांस कसा दिसतो एवढेच पाहून चालणार नाही. धुतलेले पाणी कोठे जाते, हेही विचारले पाहिजे. हळद, मंजिष्ठा, नीळ हे रंग चांगले, पण मंजिष्ठेसारखे रंग पक्के बसविण्यास तुरटीसारखे द्रव्य लागते आणि दर वेळी तीच छटा येईल असे नाही. ग्राहकास हे आधीच प्रामाणिकपणे सांगावे.

प्रामाणिकपणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 'पर्यावरणस्नेही', 'नैसर्गिक' अशा शब्दांची हल्ली कपड्यांवर खैरात असते. शब्द छापावयास पैसा पडत नाही. काही चिठ्ठ्यांस मात्र मागे तपासणी असते. 'गॉट्स' नावाचे जे प्रमाणपत्र आहे, त्यास निदान सत्तर टक्के सेंद्रिय धागा लागतो, आणि कामगारांच्या वागणुकीचेही नियम आहेत. हातमागाच्या कापडास 2006 पासून सरकारी 'हँडलूम मार्क' मिळतो. नवशिक्याने ही प्रमाणपत्रे समजून घ्यावीत, परंतु त्यांवर विसंबून डोळे मिटू नयेत. कागद तपासता येतो. माणूस भेटावा लागतो.

तिसरे, थोडक्याने आरंभ करा. येथे आम्ही एका माणसाचे उदाहरण देतो. वेंडेल रॉड्रिक्स हे गोव्याच्या कॅथलिक घराण्यातील. 1960 साली जन्मले आणि मुंबईत वाढले. त्यांनी आधी भोजनव्यवस्थेचे शिक्षण घेतले, मस्कतला नोकरी केली, आणि तेथे साठविलेल्या पैशांवर अमेरिकेत व पॅरिसला जाऊन वस्त्ररचना शिकले. परत आल्यावर 1989 साली त्यांनी पहिले प्रदर्शन भरविले त्यात पोषाख बारा, आणि पैशांअभावी त्यांतील सर्व पुरेसुद्धा झाले नव्हते. पुढे मोठे नाव झाल्यावर ते मुंबई सोडून गोव्यात कोलवाळ गावी राहिले, आणि गोव्याच्या कुणबी स्त्रियांची लाल-पांढऱ्या चौकडीची साडी, जी विणणारे जवळजवळ उरले नव्हते, तिला त्यांनी पुन्हा हातमागावर आणविले. 2011 साली जर्मनीत न्यूरेंबर्गच्या सेंद्रिय मालाच्या जत्रेत त्यांनी खादी नेली. 2014 साली पद्मश्री मिळाली. 2020 साली ते वारले. त्यांच्या 'मोडा गोवा' या पुस्तकात गोव्याच्या वेषभूषेचा इतिहास आहे. आमच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील मोलाची गोष्ट तो अपुरा पोषाख आहे. कर्ज काढून तीस पोषाख करणे आणि शिंप्याचे पैसे थकविणे, हा मार्ग त्यांनाही मोकळा असेल. पुष्कळ नवशिके तोच धरतात.

आपल्या वसईच्या ख्रिस्ती स्त्रियांचे लाल लुगडे आता सणासुदीस आणि रंगमंचावरच दिसते. ते कोण विणतो, कोठे विणतो, याची चौकशी तुमच्यापैकी कोणी केली आहे काय? 2019-20 च्या गणनेप्रमाणे देशात हातमागावर पस्तीस लाखांहून अधिक माणसे काम करतात आणि त्यांत सुमारे बहात्तर टक्के स्त्रिया आहेत. विणकराकडे जाल तेव्हा निम्मे पैसे आगाऊ द्या. तो सूत उधारीवर आणतो आणि व्याजात बुडतो, हे विसरू नका. याउलट दुकानदार तुमचा माल 'खपला तर पैसे' या बोलीवर ठेवून घेईल आणि सहा सहा महिने पैसे देणार नाही. या दोन टोकांमध्ये नवशिक्याचा जीव जातो. म्हणून वर्षभराचा खर्च गाठीशी नसेल तर स्वतःचा धंदा काढूच नये. आधी कोणा चांगल्या माणसाच्या हाताखाली राबावे.

आणि चांगला माणूस मिळाला नाही तर? येथे आमची मूळ गोष्ट पुढे चालते. त्या कन्येने शिक्षण पुरे केले. तिची संमती घेऊनच हे सांगत आहोत. तिला तयार कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात जागा मिळाली. पगार असा की वडिलांनी आम्हांस पेढे आणून दिले. काम नावाला रचनाकाराचे, वस्तुतः तोच सदरा दोन रुपये स्वस्तात कसा शिवून घेता येईल, हे शोधण्याचे. तेवढे तिने सोसले. पुढे परदेशी ग्राहकाचे तपासनीस येणार म्हणून तिला जादा कामाच्या तासांची दुसरी वही सुवाच्य अक्षरात उतरावयास सांगितले. खरी वही कपाटात, खोटी मेजावर. ती आमच्याकडे आली.

आम्ही लगेच उत्तर दिले असे नाही. घरात धाकटा भाऊ शिकत होता, वडिलांची नोकरी संपत आली होती. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत दुसऱ्याच्या पापास हातभार लावण्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत, दूरचा, जवळचा, नाइलाजाचा. ते सारे आम्ही मनात घोळविले. स्वस्त सदऱ्याची रचना करणे हा दूरचा संबंध. त्यात राहून थोडे भले करता येत असेल तर राहण्यास हरकत नाही, असेच आमचे अद्यापि मत आहे. सर्वच चांगली माणसे वाईट कारखाने सोडून गेली तर आतल्या मुलींचे कोण ऐकेल? परंतु खोटी वही स्वतःच्या हाताने लिहिणे निराळे. त्या वहीमुळे कोणाची तरी मजुरी कायमची बुडते, आणि तपासणीस आलेला मनुष्य फसतो. राणा प्लाझातल्या कारखान्यांचीही तपासणी झालेली होती, हे येथे आठवावे. आम्ही सांगितले, वही लिहू नकोस. नोकरी जाईल, हेही धरून चाल. ती गेली, तीन आठवड्यांत.

आज ती हातमागाच्या कापडाचे कपडे करणाऱ्या एका लहान मंडळीत काम करते. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक. तिचे वडील या सभेत मागच्या बाकावर बसले आहेत आणि आमच्यावर ते पुरते प्रसन्न नाहीत. त्यांचे आम्ही चुकीचे म्हणत नाही. सल्ला आमचा होता, तोटा त्यांच्या घरात झाला.

म्हणून शेवटी वडील मंडळींकडे वळतो, कारण तरुणांनी न्यायाने शिवायचे आणि आपण घासाघीस करून विकत घ्यायचे, हा व्यवहार टिकणारा नाही. महोत्सव समितीने सहाशे टी-शर्ट छापून घेण्याचे ठरविले होते. तीन दुकानांचे भाव आले. सर्वांत कमी भाव पाहून आम्ही त्या कन्येस बोलाविले. तिने कापडाचे वजन, छपाई, शिलाई मांडून दाखविले की, कापड आणि छपाई यांतच तो भाव संपतो. शिवणाऱ्याच्या वाट्यास काय येत असेल ते तुम्हीच पाहा. समितीत बराच वाद झाला. अखेर सहाशेऐवजी दीडशेच, आणि तेही फक्त स्वयंसेवकांकरिता, येथेच शिवून घ्यावयाचे ठरले. टी-शर्ट मिळणार नाही म्हणून काही कुटुंबे रागावली आहेत; त्यांनी राग आमच्यावर काढावा, समितीवर नको.

ते काम त्या मावशीबाईंनी घेतले आहे. दर त्यांनी सांगितला तोच आहे. मोजून, घड्याळ लावून. सोबत धर्मग्रामातील पाच स्त्रिया आहेत. ज्या तरुणांस हा व्यवसाय जवळून पाहायचा असेल, त्यांनी येत्या रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या जुन्या खोलीत यावे. यंत्रे तीन आहेत, एक ओव्हरलॉकचे. कात्री प्रत्येकाने आपली आणावी, आणि मुलांनीही यावे. पहिल्या दिवशी काज करावयाचे आहे, आणि आमचेही नाव यादीत आहे.